शाळेमागचं वळण

शाळेमागचं वळण काढून रस्ता सरळ करावा, अशा अर्जावर तुम्ही सही केली की नाही? खरं सांगा. केली असेल तरी मी भांडायला येत नाही. निदान आज येत नाही. आधी हे वाचा.

पिपरी मेघेकडून कापसाच्या जिनिंगकडे जाणारा आपला रस्ता तुम्हाला ठाऊकच आहे. दोरी ताणल्यासारखा येतो आणि शाळा दिसायला लागली की काय मनात येतं कोण जाणे, डावीकडे कलतो. शाळेच्या पाठीमागून, नाल्याच्या काठानं, बाभळींच्या सावलीतून जातो आणि पुढे पुन्हा शहाण्यासारखा सरळ होतो. स्कूटरवाले म्हणतात, या वळणाला काही कारण नाही, हे कोणीतरी झोपेत काढलेलं आहे. झोपेत काढलं, ही गोष्ट अर्धी खरी आहे. काढणारा माणूस माझ्या ओळखीचा होता. त्याचं नाव प्रेमदास.

प्रेमदासकाका आमच्या टोलीतले, म्हणजे शाळेसमोरच्या वस्तीतले, आणि रस्त्याच्या खात्यात खलाशी. खलाशी म्हटलं की तुम्हाला समुद्र आठवत असेल. आमच्याकडे समुद्र नाही, पण खलाशी होते. साहेब आखणीला निघाला की मापाची साखळी ओढणारा, झेंडी घेऊन पुढे पळणारा, खुंट्या ठोकणारा, चुना टाकणारा, आणि शेवटी मापाची लांब लाकडी पट्टी उभी धरून दूर वावरात थांबून राहणारा माणूस म्हणजे खलाशी. साहेब तिकडे तीन पायांच्या तिकाटण्यावर दुर्बीण लावून त्या पट्टीवरचे आकडे वाचायचा, वहीत लिहायचा, आणि त्या आकड्यांतून रस्ता निघायचा.

पट्टी धरणं म्हणजे काय मोठं काम, असं मला वाटायचं. एकदा तसं बोलून दाखवलं, तर काकांनी माझ्या हातात बांबू दिला आणि म्हणाले, "धर. बिडी संपेपर्यंत हालू नको." अर्धी बिडी झाली नाही तो बांबू झोकांड्या खायला लागला. काका हसले नाहीत. म्हणाले, "श्वास घेतला का पट्टी हालते. तिले पोटातून धरा लागते." ते उभे राहिले की खरोखर झाड वाटायचे. पट्टीच्या टोकावर कावळा येऊन बसलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. बसला, पंख नीट केले, उडून गेला. काका खाली उभेच.

आणि त्या पट्टीवरचे आकडे सगळे उलटे. लहानपणी आम्ही समजायचो, काकांना वाचता येत नाही म्हणून खात्यानं त्यांना चुकलेली पट्टी दिली. तसं नव्हतं. त्या जुन्या दुर्बिणीतून सगळं उलटं दिसायचं, म्हणून आकडेच मुळात उलटे रंगवायचे, म्हणजे साहेबाला सुलटे दिसावेत. काका नोकरीला लागले तेव्हा एका म्हाताऱ्या साहेबानं त्यांना एकदा, फक्त एकदा, त्या दुर्बिणीतून पाहू दिलं होतं. पुलगावकडचं वावर होतं. धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, एक बाई डोक्यावर शिदोरी घेऊन चालली होती. तिचे पाय वर होते, आभाळ खाली होतं, आणि ती आपली सरळ चालली होती.

"टोपलं खाली लोंबून राह्यलं होतं," काका सांगायचे, "पण सांडत नोयतं काहीच. घरी येऊन मी हिले म्हटलं, जग उलटं हाये, पण पडत नाई कोणी."

त्यावर भागीरथाकाकूचं ठरलेलं उत्तर असायचं: "मले काऊन सांगता? मी त रोजच पाह्यतो तुमाले."

त्या दिवसापासून काकांना रस्त्यांची स्वप्नं पडायला लागली. साखळी टाकायच्याही आधी रस्ता त्यांच्याकडे यायचा. कधी वासरासारखा दारात येऊन उभा राहायचा, कधी नुसताच लांबून, धुक्यातून, पांढऱ्या रेघेसारखा जाताना दिसायचा. सकाळी उठून ते सांगायचे, आज सिंदीकडचा आला होता, उद्या तिकडेच जा लागन. आणि पुष्कळदा तिकडेच जावं लागायचं. मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही. फक्त सांगते आहे.

आता एकोणऐंशीचा मे महिना. आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे: उन्हाळ्यात शाळा लग्नांची असते. वऱ्हाड उतरवायला दुसरी पक्की जागा गावात कुठे असते? त्या मे महिन्यात गावातल्या मधुकररावांच्या मुलीचं लग्न होतं आणि जानोसा शाळेत. बाकं बाहेर रचलेली, दोन्ही खोल्यांत गाद्या, दारावर आंब्याची पानं, पुढे मांडव. शाळेच्या नावाच्या पाटीवर "सुस्वागतम"चं लाल कापड ताणलेलं. टोलीतली निम्मी माणसं कामाला बाहेरगावी, उरलेली उन्हाच्या भीतीनं घरात.

अशा दिवसांत, पहाटे सहाला, नवा साहेब आखणीला आला. साताऱ्याकडचा तरुण माणूस, वाईट नव्हता. ऊन चढायच्या आत काम आटपायची त्याला घाई. त्यानं मांडव पाहिला, गाद्यांवर घोरणारे पाहुणे पाहिले आणि वहीत लिहिलं: समाजमंदिर. टोली आणि शाळा यांच्यामधलं मैदान मोकळं पाहिलं आणि लिहिलं: पडीक. मग शाळेच्या पुढ्यातून, टोलीला पाठ देऊन, एक सुंदर सरळ रेघ काढली. त्या रेघेवर खुंट्या ठोकल्या प्रेमदासकाकांनी.

मला हे कळलं जूनच्या शेवटी, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर नकाशा लागला तेव्हा. मला नकाशा वाचता येतो. कोणी शिकवला नाही. भिंतीसमोर उभं राहून राहून आला. "समाजमंदिर" हा शब्द वाचला आणि माझं डोकं जे फिरलं ते थेट काकांच्या अंगणात येऊन थांबलं.

"काका, खुंट्या कोणी ठोकल्या?"

"म्या."

"शाळा दिसली नाही?"

"दिसली."

"मग?"

"साहेबानं इचारलं नाई."

"विचारलं नाही! तुमच्या तोंडाले काय कुलूप लागलं होतं?"

भागीरथाकाकू सुपात तांदूळ पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "कुलूप नाई, बाई. नोकरी होती."

अठरा वर्षं काका रोजंदारीवर होते. साहेबानं एक ओळ लिहिली की कायम होणार होते, आणि खलाशानं न विचारलेलं बोलू नये हा त्या खात्याचा अलिखित कायदा. मला हे माहीत होतं. माहीत असूनही मी बोलायचं ते बोलले. काका ऐकत राहिले, पट्टी धरल्यासारखे.

"शाळेत पोट्टे किती हायेत, माहीत हाये?" आता काकू त्यांच्याकडे वळली. ती शाळेत मुलांची सुकडी शिजवायची, घंटा वाजवायची, शेंबूडही पुसायची. "सव्वाशे. सारे टोलीतून येते. जीनचे टरक कापसानं फुगून येते तवा डायवरले समोरचं दिसते का? तुमच्या हातानं ठोकल्या न खुंट्या?"

काका म्हणाले, "माह्याच हातानं."

"मी उद्याच उपटून फेकते," मी म्हणाले.

"उपट. पंचेचाळीस हायेत. परवा साहेब मलेच पुन्हा ठोकाले लावन." त्यांनी अंगणातल्या मातीवर बोटानं रेघ ओढली आणि तळव्यानं पुसून टाकली. "खुंटी जमिनीत नसते, सुलोचना. खुंटी वहीत असते. वहीतून निघाली पाह्यजे."

"मग वही फाडते."

"तू फाडशीन, माहीत हाये मले."

मी तणतणत घरी आले, मशीनवर बसले आणि मोर्चाचं फडकं शिवायला घेतलं. सोमवारी मोर्चा, पिपरीच्या चौकात रस्ता अडवायचा, मनात सगळं ठरलं. पोरं रोज त्या चुन्याच्या रेघेवरून उड्या मारत शाळेत जायची. पावसानं चुना पुसट झाला होता, पण खुंट्या तशाच होत्या, गवतातून डोकं वर काढून बसलेल्या.

बुधवारी सकाळी काका माझ्या ओट्यावर आले. पावसाची बारीक झिम होती. मशीनच्या चाकाकडे पाहत बसले.

"काय शिवून राह्यली, पुढारीणबाई?"

"फडकं. तुमच्या साहेबाले दाखवायला."

"काल सपनात आला होता तो रस्ता," ते म्हणाले. "आला न टोली आन् शाळेच्या मधात म्हशीवाणी बसला. उठेच ना. अलीकडे सारे पोट्टे उभे, पाट्या घेऊन. पाट्यांवर पाणी पडून राह्यलं, अक्षरं वाहून चालली. साहेब दुर्बिणीतून आकडे वाचून राह्यला. मी पट्टी धरून उभा. मले बोलाचं हाये, पण बोललो त पट्टी हालते."

मी मशीन थांबवलं.

"मग काय केलं?"

"मंग ही उठवाले आली." ते उठले, धोतर झटकलं. "साहेब शेवटच्या लेव्हल घ्याले येऊन राह्यला. शुक्रवारी येऊ का शनवारी, मले इचारत होता. एवढ्या सालात पयल्यांदा इचारलं काही."

"आणि तुम्ही काय म्हटलं?"

"शनवार सांगतला."

एवढं बोलून निघून गेले. मला वाटलं, हे साहेबाची सोय पाहताहेत. मनातल्या मनात मी त्यांना जे नाव ठेवलं ते इथे लिहीत नाही.

शनिवारी सहा-साडेसहाला मी तिथे गेले ती भांडायच्याच तयारीनं. आभाळ इतकं खाली आलं होतं की बाभळींचे शेंडे दिसत नव्हते. नाल्यावरून धुकं उठून मैदानात पसरत होतं, दूध सांडावं तसं. साहेबानं रेघेच्या या टोकाला तिकाटणं रोवलं होतं, दुर्बीण लावली होती, छत्री एका माणसाला धरायला दिली होती. पलीकडे दूर, धुक्यात अर्धे बुडालेले काका. त्यांच्या हातातली पट्टी तेवढी स्पष्ट, लाल-काळ्या आकड्यांची. जणू पट्टीच त्यांना धरून उभी होती.

साहेब दुर्बिणीला डोळा लावून वाकला. तेवढ्यात घंटा झाली. आमच्या शाळेची घंटा म्हणजे लोंबता रुळाचा तुकडा. भागीरथाकाकू तो असा वाजवायची की पिपरीपर्यंत ऐकू जावं.

आणि टोलीतून मुलं निघाली.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. शनिवारची शाळा सकाळची असते. एरवी साहेब पहाटे येणार, मुलं अकराला येणार. दोघांची गाठ जन्मात पडली नसती. आठवड्यात एकच दिवस असा, की साहेबाची वेळ आणि शाळेची वेळ एक.

खताच्या पोत्यांच्या खोळी डोक्यावर घेतलेली, पांढऱ्या खोळी, पिवळ्या खोळी, खाली उघडे पाय. एक आली, दोन आली, मग धुक्यातून निघतच राहिली. सगळी साहेबाच्या आणि पट्टीच्या मधून चालली. साहेब म्हणाला, "अरे, बाजूनं जा रे जरा." पण बाजू होती कुठे? शाळेला दुसरी वाटच नव्हती. एका पोरीनं थांबून दुर्बिणीच्या पुढच्या काचेत डोकावून पाहिलं. साहेबाला एवढा मोठा डोळा दिसला असेल की तो दचकून मागे झाला.

"कोण हाये आत?" तिनं विचारलं.

"साहेब हाये," छत्रीवाला म्हणाला. "जाय शाळेत."

साहेब पुन्हा वाकला. पुन्हा मुलं. तिसऱ्यांदा वाकला आणि मग त्यानं डोकं वर काढलंच नाही. खलाशाला खूण करायला त्याचा एक हात वर गेलेला होता, तो तसाच हवेत राहिला. मी शिव्यांची अख्खी पोतडी भरून आणली होती. जवळ जाऊन इतकंच विचारलं, "काय दिसून राह्यलं, साहेब?"

तो बाजूला झाला. मी डोळा लावला.

आभाळ खाली होतं, एखाद्या तळ्यासारखं. वर हिरवं गवत, आणि त्या गवताला पाय टेकून मुलं खाली डोकं करून चालली होती, एकामागे एक, खोळी लोंबत्या फुलांसारख्या हलत होत्या. कोणी हसत होतं, कोणी दुसऱ्याची वेणी ओढत होतं, आवाज मात्र कुठून तरी लांबून येत होता. त्यांच्या मागे प्रेमदासकाका, आभाळात डोकं बुडवून, निश्चल. आणि त्या सगळ्या उलट्या जगात फक्त त्यांच्या हातातले आकडे सुलटे होते. मुलं त्या आकड्यांवरून जात होती, आकडे दिसत होते, पुन्हा झाकले जात होते. कोणी पडत नव्हतं. मी किती वेळ पाहत राहिले सांगता येणार नाही. डोळा काढला तेव्हा ओला होता, पावसानं असेल.

साहेबानं हात हलवून काकांना बोलावलं. ते पट्टी खांद्यावर टाकून आले.

"प्रेमदास, ही शाळा आहे?"

"हाव, साहेब."

"तुला माहीत होतं?"

"माहीत होतं."

"मग मे महिन्यात सांगितलं का नाहीस?"

"तवा इचारलं नाई, साहेब. आता वार इचारला, तो सांगतला."

साहेबानं काखेतली वही काढली. मला वाटलं, आता हा चिडणार, आणि मग मी आहेच. पण त्यानं वही उघडली, "समाजमंदिर"वर आडवी रेघ मारली आणि शाळेच्या मागे, नाल्याकडे बोट केलं.

"तिकडून जाता येईल?"

"येते, साहेब. नाल्यावर एक मोरी लागन. एकशे साठ पावलं जास्तीची."

"तू मोजली कधी?"

"सपनात, साहेब."

"सपनात नाई," शाळेच्या ओसरीवरून काकूचा आवाज आला. "काल झुंजूमुंजू गेलते. चप्पल तथीच गाऱ्यात फसली हाये."

साहेब हसला. त्या सकाळी पहिल्यांदाच. मग त्यानं काकांना नाल्याकडे पाठवलं. "अजून डावीकडे, अजून, हां, तिथे थांब." काका थांबले, धुक्यात, एका पायात चप्पल. त्यांच्या पायाशी जी खुंटी ठोकली, तिथूनच आजचं वळण सुरू होतं. सोमवारचा मोर्चा निघालाच नाही. फडकं काकूनं सुकडीच्या पातेल्यावर झाकायला नेलं. लाल रंगाचं, पाच वर्षं टिकलं.

रस्ता ब्याऐंशीत झाला. तोवर साहेबाची बदली झाली होती आणि ती एक ओळ लिहायची राहून गेली. काका शेवटपर्यंत रोजंदारीवरच राहिले. मी त्यासाठी दोनदा वर्ध्याला जाऊन टेबलं बडवली, उपयोग झाला नाही, आणि त्याचा राग माझा अजून गेलेला नाही. त्यांचा मात्र कधी दिसला नाही. संध्याकाळी ते वळणापर्यंत जायचे, जिथे उभे राहिले होते तिथे जरा उभे राहायचे, मग परतायचे. मी एकदा विचारलं, हा रस्ता येतो का अजून स्वप्नात?

"नाई येत," म्हणाले. "बाकीचे येते. हा घरी पोचला."

सत्त्याऐंशीच्या थंडीत ते गेले. वहीत त्यांचं नाव कुठेच नाही. खलाशाचं नाव वहीत लिहीत नाहीत.

आता तो अर्ज फिरून राहिला आहे. वळण काढलं की दीड मिनिट वाचतं, असं त्यात लिहिलंय. दीड मिनिट वाचतं, मी चालून पाहिलं नाही पण मान्य करते. शाळेत आता तीनशेच्या वर मुलं आहेत, टोली वाढून मैदानाच्या कडेपर्यंत आली आहे, आणि अर्जासोबतचा नकाशा परवा मी पाहिला. चांगला आहे, स्वच्छ आहे. खाली तारीख आहे मे महिन्याची.

म्हणून एवढंच मागते. सही करायच्या आधी, किंवा केली असेल तर ती मागे घ्यायच्या आधी, एका शनिवारी सकाळी सात वाजता शाळेच्या पुढ्यात येऊन उभे राहा. सुट्टीत येऊ नका. रेघ जिथून जाणार म्हणतात त्या जागेवरच उभे राहा, घंटा होईपर्यंत हलू नका. आणि जे दिसेल ते, कोणी विचारलं नाही तरी, अर्ज घेऊन येणाऱ्याला सांगा.